अमेरिकेत पोलिस अडवलेल्या गाड्यांचं रेकॉर्डिंग ठेवतात, त्याने वंशभेद खरंच उघडा पडतो का?

पडतो, पण नुसत्या कॅमेऱ्याने नाही. मी 17 वर्षं न्यू जर्सीत राहते. हे प्रकरण जिथे सगळ्यात जास्त गाजलं तो टर्नपाइक हायवे माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा, म्हणून तिथलंच सांगते.

टर्नपाइकच्या दक्षिण टोकाला कृष्णवर्णीय चालकांना उगाच अडवतात, ही तक्रार 1990च्या दशकात जुनीच होती. ती सिद्ध कशी करायची, हा खरा पेच. अडवलेल्यांत कृष्णवर्णीय किती, एवढं कळून भागत नाही. रस्त्यावर मुळात ते किती आणि नियम मोडणाऱ्यांत किती, हेही कळावं लागतं. जॉन लॅम्बर्थ या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते मोजलं. माणसं रस्त्याकडेला बसवून गाड्या मोजल्या. शिवाय एक गाडी ठरावीक वेगाने चालवत ठेवली आणि तिला मागे टाकून कोण कोण जातं ते लिहून घेतलं. वेगमर्यादा जवळपास सगळेच मोडत होते! कृष्णवर्णीय असलेल्या गाड्या होत्या 13.5 टक्के, आणि अडवलेल्यांत त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त. 1996 साली तिथल्या न्यायाधीशांनी हा हिशेब ग्राह्य धरला.

तरी फारसं काही हललं नाही. एप्रिल 1998 मध्ये टर्नपाइकवर दोन ट्रूपर्सनी, म्हणजे राज्य पोलिसांच्या शिपायांनी, एका व्हॅनवर 11 गोळ्या झाडल्या. आत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे) असे चार तरुण होते, बास्केटबॉलसाठी निघालेले. तिघे जखमी झाले. पुढे त्या ट्रूपर्सवर आणखी एक आरोप आला, तो मला तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो: आधी अडवलेल्या चालकांच्या वंशाच्या नोंदी खोट्या केल्याचा. त्या खात्यात याला ‘घोस्टिंग’ असा शब्दच होता. अडवायचं कृष्णवर्णीयाला आणि कागदावर नंबर टाकायचा शेजारून गेलेल्या गोऱ्या माणसाच्या गाडीचा.

म्हणून डिसेंबर 1999 मध्ये केंद्र सरकारच्या न्याय खात्याबरोबर जो करार झाला, त्यात कॅमेऱ्याइतकाच भर क्रमावर होता. ट्रूपरने गाडीजवळ जाण्याआधीच रेडिओवरून कळवायचं: कुठे अडवलं, का अडवलं, चालक कोणत्या वंशाचा दिसतो. नंतर सोयीने बदलायला जागा नको. आणि वरिष्ठांनी टेप प्रत्यक्ष पाहायच्या. ही देखरेख 2009 पर्यंत चालली.

जवळच्या कनेटिकट राज्यात तर अडवलेल्या चालकांच्या वंशाची नोंद ठेवण्याचा कायदा 1999 पासून आहे. तिथे 2023 च्या तपासणीत राज्य पोलिसांच्या हजारो तिकिटांच्या नोंदी कोर्टाच्या नोंदींशी जुळेनात. गोऱ्या चालकांचा आकडा वाढवलेला दिसत होता. मला हे वाचून चीड आली होती. पण सापडलं कशामुळे, तर दोन वेगळ्या दफ्तरांतल्या नोंदी शेजारी ठेवल्या म्हणून.

आणखी एक चाचणी मला फार आवडते. संध्याकाळी सातला डिसेंबरमध्ये अंधार असतो, जूनमध्ये लख्ख उजेड. वेळ तीच, रहदारीही साधारण तीच, पण अंधारात चालकाचा रंग दिसत नाही. स्टॅनफर्डच्या गटाने देशभरातल्या सुमारे 10 कोटी नोंदी गोळा केल्या आणि त्यांवर ही चाचणी लावली. 2020 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: अंधार पडला की अडवलेल्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं. नोंदीत अचूक वेळ नसती, तर हे कधीच कळलं नसतं.

आता घरचं. गेल्या वर्षी आमच्या मुलाला एका गावच्या पोलिसांनी टेललाइटवरून अडवलं, ताकीद देऊन सोडलं. बोलणं सभ्य होतं, तक्रार काही नाही. तरी मी तारीख, वेळ आणि जागा लिहून त्या नोंदीची प्रत मागवली. वंशाच्या रकान्यात ‘हिस्पॅनिक’ होतं. मुलगा माझ्यासारखाच सावळा. अधिकाऱ्याने पाहिलं आणि लिहिलं, विचारलं नाही. म्हणजे त्या गावाच्या आकड्यांत आमचा मुलगा भारतीय म्हणून मोजलाच गेला नाही. तुमच्या घरचं कोणी इकडे असेल आणि त्यांना अडवलं, तर घरी येऊन लगेच वेळ आणि जागा टिपून ठेवायला सांगा, आणि नोंद मागवून एकदा स्वतः वाचायला सांगा. मी दुरुस्तीचा अर्ज दिलाय, त्याची वाट पाहतेय.