जुन्या कार्बाइनचा उडालेला रंग

प्रश्न : आजोबांची विंचेस्टर १८९२ लिव्हर-अ‍ॅक्शन कार्बाइन घरी आहे, परवाना आता माझ्या नावावर आहे. निळसर काळा मुलामा बराच उडालाय आणि दर पावसाळ्यात तांबूस गंज चढतो. पॉलिश मारून नवा मुलामा द्यावा का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : कृपा करून देऊ नका. अमेरिकी बंदूकरचनाकार जॉन ब्राउनिंगने आखलेली ही २० इंची नळीची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, अमेरिकेच्या पश्चिमेत घोड्यावरच्या माणसांनी रोज वापरली, आणि तो वापर तिच्या अंगावर ठरावीक जागी उमटतो. चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाचा रंग जातो, एका हातात तोलून धरल्याने मधल्या लोखंडी पेटीच्या खालच्या कडा उजळ होतात, डाव्या बाजूची खोगिराची कडी डुलून कमानीसारखा ओरखडा पाडते. जाणकार संग्राहक आधी हेच पाहतो. झीज सगळीकडे सारखी असेल तर त्याला शंका येते. पॉलिशच्या चाकाने कोपरे गोल होतात, कोरलेली अक्षरं उथळ पडतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खचतात. गेलेलं लोखंड परत येत नाही.

गंज मात्र थांबवलाच पाहिजे. आधी चेंबर (काडतूस डागलं जातं ती जागा) आणि नळीखालचं मॅगझिन (काडतुसांचा साठा), दोन्ही रिकामी असल्याची खात्री करा. गडद तपकिरी, घट्ट थर तसाच राहू द्या. बोटाला लागणारा तांबूस गंज तेवढा काढायचा: पातळ मशीन तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जाड सुती कापडाने पुसा. उरलेल्या ठिपक्यांवर तांब्याच्या पट्टीची कड तेलातच हलकी फिरवा. सॅंडपेपर नको. खोबरेल तर अजिबात नको, ते थंडीत थिजतं आणि लिव्हरच्या (ट्रिगरभोवतीच्या, काडतूस चढवायच्या दांडीच्या) सांध्यांत चिकटा धरतं. नळीच्या आतले खड्डे बहुधा जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्षारांचे असतात. ते भरून येत नाहीत, तेलाचा बोळा फिरवून पुढची झीज रोखायची. लाकडी दस्त्याला उकळलेल्या जवस तेलाचे चार थेंब पुरेत.

देवगडसारख्या खाऱ्या वाऱ्यात खरं नुकसान साठवणीत होतं. चामड्याच्या किंवा लोकरी अस्तराच्या म्यानात ठेवाल तर ते ओल धरून लोखंडाला चिकटवून ठेवेल. बंदूक कुलूपबंद कपाटात, भिंतीपासून सुटी, सोबत ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तपासा आणि हाताळल्यावर घामाचे डाग लगेच तेलाच्या कापडाने पुसा.

स्क्रू घरी उघडू नका. खाचेत नेमका न बसणारा स्क्रूड्रायव्हर खाच फाडतो, आणि फाटलेल्या खाचा किंमत पाडतात. परवानाधारक कारागिराकडेच द्या.