वाचकांचे प्रश्न : देणगीदारांच्या नोंदी आणि नवे सॉफ्टवेअर

प्रश्न : आमचे वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असून आम्हाला 80जी ची (देणगीदारांना आयकरात सवलत देणाऱ्या कलमाची) मान्यता आहे. चारएकशे देणगीदारांचा हिशेब आजवर पावतीपुस्तक आणि एक्सेलवर भागला. आता एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पावती, क्यूआर कोड, ‘10बीडी’ची (आयकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या वार्षिक विवरणाची) तयार फाइल आणि कोणता देणगीदार पुढे किती देईल याचे भाकीत, अशा नव्या सोयी असलेले सॉफ्टवेअर दाखवले आहे. ते घ्यावे का?
– एक चिटणीस, सातारा जिल्हा

उत्तर : चारशे देणगीदारांपैकी कोण हात सैल सोडतो, हे आपल्याला कोणत्याही यंत्राहून अधिक ठाऊक असणार, तेव्हा भाकिताची सोय सोडून द्यावी. खरी कसोटी 10बीडी ची आहे. 1961 च्या आयकर कायद्याखाली आर्थिक वर्ष 2021-22 पासून हे विवरण वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत भरावे लागते, विलंबास दिवसाला 200 रुपये शुल्क पडते आणि त्यात प्रत्येक देणगीदाराचा पॅन, आधार किंवा तत्सम ओळख क्रमांक लागतो. बहुतेक संस्थांचे घोडे इथेच अडते. समजा, पावतीपुस्तकात ‘जोशीकाका’ आहेत, एक्सेलमध्ये ‘जी. व्ही. जोशी’ आणि बँकेच्या उताऱ्यात नुसता एक यूपीआय पत्ता. तिघे एकच आहेत हे मे महिन्यात कोण शोधणार? म्हणून क्यूआर कोडवरून पैसे येण्याआधीच नाव आणि पॅन विचारणारा, दुहेरी नोंद दिसताच ती जोडायची का असे विचारणारा आणि 2,000 रुपयांवरील रोख देणगीच्या पावतीवर ‘80जी ची सवलत नाही’ असे आपोआप छापणारा कार्यक्रम असेल, तर तो अवश्य घ्यावा.

दोन गोष्टी मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने नमुने बदलले तर सुधारणा वेगळे पैसे न आकारता मिळेल का, आणि करार संपल्यावर आपल्या सर्व नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतील का. व्हॉट्सअ‍ॅपवरची पावती सोयीची खरी, परंतु करसवलतीसाठी लागणारे ‘10बीई’ प्रमाणपत्र विवरण भरल्यानंतर आयकर खात्याच्या पोर्टलवरूनच उतरवून घ्यावे लागते, हे देणगीदारांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : माझा अमेरिकेतला पुतण्या आमच्या शाळेला देणगी देऊ इच्छितो. सॉफ्टवेअरमध्ये ‘परदेशी’ असा रकाना आहे. त्यावर खूण करावी का?
– एक विश्वस्त, रत्नागिरी

उत्तर : पत्ता पाहू नका, पासपोर्ट पाहा. पुतण्या अद्याप भारतीय नागरिक असून स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत तेवढी दप्तरी ठेवावी. अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, तर मूळ भारतीय असूनही तो परदेशी स्रोत ठरतो. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. नोंदणी किंवा परवानगी नसेल, तर क्यूआर कोड त्याला पाठवूच नये. ‘परदेशी’ या एका रकान्यात राहण्याचे ठिकाण आणि नागरिकत्व यांची सरमिसळ होते. विक्रेत्याकडून तो फोडून दोन रकाने करून घ्या.