हवाईतल्या 'शाका' खुणेचा उगम काय आणि तिचा अर्थ काय?

अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन बोटं मुडपलेली, हाताची मागची बाजू समोरच्याकडे आणि मनगट किंचित हलतं. हीच शाका.

सगळ्यात जास्त सांगितली जाते ती ओआहू बेटावरच्या लाइए गावच्या हामाना कालिली यांची गोष्ट. काहुकूच्या साखर कारखान्यात त्यांची मधली तीन बोटं गेली. पुढे त्यांना उसाच्या आगगाडीवर राखणदारीचं काम मिळालं. फुकट चढणाऱ्या पोरांना ते हाकलत, आणि ते जवळपास नसले की पोरं त्यांच्यासारखाच हात करून एकमेकांना 'रस्ता मोकळा' म्हणून खुणावत, असं म्हणतात. इतरही कथा आहेत, पण मला हीच पटते. होनोलुलूचे महापौर फ्रँक फासी यांनी १९७०च्या दशकात ही खूण निवडणूक प्रचारात वापरली. २०२४ साली ती कायद्याने हवाईची अधिकृत खूण झाली.

पर्यटक तिला फक्त सर्फिंगवाल्यांची समजतात, हे मनाला लागतं. तिथे आजीही नातवाला ती करते. गर्दीत कुणी आपल्या गाडीला वाट दिली, तर खिडकीतून हात काढून शाका दाखवायची. तिच्यात आभार, आपुलकी, 'निवांत घे' असं सगळं येतं.