रोजच्या जगण्यात देव काम करत असतो म्हणतात, त्याला आपण प्रतिसाद कसा द्यायचा? नोकरीमुळे प्रार्थनेलाही धड वेळ मिळत नाही.

आधी ज्याचे पैसे देणं आहेत त्याचे देऊन टाका. चेष्टा करत नाहीये.

2011 च्या एप्रिलमध्ये पप्पा नगरला माळीवाडा स्टँडबाहेर चक्कर येऊन पडले. हार्टचं होतं. आमच्यापैकी कुणीच बरोबर नव्हतं. बाजूच्या रसवंतीवाल्याने चरक बंद केला, पप्पांना रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं आणि डिपॉझिटचे दोन हजार स्वतःच्या गल्ल्यातून भरले. पप्पांच्या मोबाइलवर शेवटचा नंबर दादाचा होता, त्यावर फोन केला. दादा येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिला आणि मग धंदा उघडायला निघून गेला.

पप्पा वाचले. तीन आठवड्यांनी दारात मांडव घालून उपकारस्तुती झाली, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थनासभा. पाळकसाहेब, कॉयर, महिला मंडळ, दीडशे माणसं, मटण. दादा साक्षीला उभा राहिला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला. बोलतो छान तो. म्हणाला, देवाने एक दूत पाठवला, आपलं काम केलं आणि दूत अदृश्य झाला. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

अदृश्य वगैरे कुणी झालं नव्हतं. तो माणूस रोज सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच उभा असायचा, घुंगरं वाजत असायची, स्टँडवरून ऐकू यायची. आणि त्याचे दोन हजार आमच्याकडे होते. मांडवाला पैसे होते, मटणाला होते.

दादाने मलाही साक्ष द्यायला सांगितलं. मी उठले नाही. रात्री पातेली घासताना त्याने बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढला. दहा कुष्ठरोगी बरे झाले, उपकार मानायला एकच परतला, आणि तू त्या नवांतली. पुढे प्रत्येक नाताळात हे ऐकलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देते.

एक तर त्या नऊ जणांना येशूनेच सांगितलं होतं की जा, स्वतःला याजकांना दाखवा. ते सांगितल्या कामालाच गेले होते. पण ते सोडून देऊ, कारण बाकीचे नऊ कुठे असं येशूने विचारलं हे खरं आहे, तेवढ्यापुरता दादा बरोबर. मुद्दा त्या दहाव्याचा आहे. तो गावात मांडव घालून बसला नाही. ज्याने बरं केलं त्याच्यापाशी परत चालत आला, पायाशी पडला. आमच्या घरापासून माळीवाडा रिक्षाने वीस मिनिटं. आणि तो परत आलेला शोमरोनी होता, यहूद्यांच्या लेखी परका. हे लूक मुद्दाम सांगतो. दादाच्या साक्षीत तो भाग कधी आलाच नाही.

उपकारस्तुतीनंतरच्या सोमवारी मीच गेले. चरकावर विठोबाचा फोटो, त्याला झेंडूचा हार. आधी ओळख पटेना, मग म्हणाला, "बाबा कसे आहेत?" मी पैसे पुढे केले. मला वाटलं नको म्हणेल, मग ते साक्षीत सांगण्यासारखं झालं असतं. त्याने मोजून घेतले. मी रस प्यायले त्याचेही घेतले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. पुढे पप्पा दर उन्हाळ्यात तिथे जाऊन बसायचे. 2019 ला त्यांना मातीला नेलं तेव्हा तो कबरस्थानात सगळ्यात मागे उभा होता.

माझं मत विचाराल तर आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, देवाच्या कार्यावर बोलणं फार झालंय. बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला पत्रात लिहितो की इच्छा आणि कृती दोन्ही देवच तुमच्यात घडवतो. म्हणजे दोन हजार परत करावेत असं वाटणं हेसुद्धा त्याचंच काम, ते दाबून माइक हातात घ्यायचा नसतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातल्या उपासमारीने गेले. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः वाचल्याबद्दल त्या नुसती स्तुती करत बसल्या नाहीत. तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. रमाबाईंचं उदाहरण मोठं आहे, मान्य. आपल्याला स्टँडपर्यंत जायचं असतं.

साक्ष वाईट असं मी म्हणत नाही. माझी मम्मी आयुष्यात एकदाच उभी राहिली, तीन वाक्यं बोलली आणि बसली, ती मला आजही पाठ आहेत. आणि दादा माणूस म्हणून वाईट नाही, पप्पांचं औषधपाणी शेवटपर्यंत त्यानेच केलं. हेही लिहायला हवं, नाहीतर वहिनी वाचेल.

वेळेचं राहिलंच. मी सकाळी डबे भरताना प्रार्थना करते, डोळे उघडे ठेवून, कारण गॅसवर दूध असतं.