दुसऱ्या सर्व्हरवरची पीएचपी फाइल आपल्या स्क्रिप्टमध्ये इन्क्लूड केली तर त्यातली फंक्शन्स का सापडत नाहीत?

कारण तुमच्याकडे कोड येतच नाही हो. यूआरएल देऊन फाइल मागवली की समोरचा सर्व्हर ती तिथेच रन करतो आणि फक्त आउटपुट पाठवतो, फाइलमध्ये नुसती फंक्शन्स असतील तर हातात रिकामं पान. एक्स्टेन्शन बदलून टेक्स्ट केली तर कोड येईल, पण मग तो जगात कुणालाही वाचता येईल, पासवर्डसकट! शिवाय यूआरएलने इन्क्लूड करायला अलाउ-यूआरएल-इन्क्लूड ही पीएचपीची सेटिंग चालू करावी लागते, ती मुळात बंदच असते आणि पीएचपी ७.४ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असं जाहीर केलेली) आहे, त्या वाटेला जाऊच नका. कोड दोन्हीकडे लागत असेल तर गिट रेपोत (कोड साठवायच्या सामायिक जागेत) ठेवा आणि कंपोझरने, म्हणजे पीएचपीची पॅकेजेस आणणाऱ्या टूलने, दोन्ही सर्व्हरवर ओढा. नुसतं उत्तरच हवं असेल तर तिकडे छोटा एपीआय (विचारलं की फक्त डेटा देणारा पत्ता) करा, इकडून कर्लने, म्हणजे यूआरएलवरून डेटा आणणाऱ्या पीएचपीच्या एक्स्टेन्शनने, जेसन (JSON, साध्या मजकुरातला डेटा) मागवा, टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) मात्र नक्की लावा, नाहीतर तिकडचा सर्व्हर अडकला की तुमचं पेजही लटकतं.