‘सिल्कसाँग’: गुण नव्वदीचे, मग एवढी ओरड कशाची?

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ला बाजारात आला, आणि तेव्हापासून या सदराच्या टपालात निम्मे प्रश्न त्याचेच असतात. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या चिमुकल्या चमूने हाताने रेखाटलेला, किड्यांच्या राज्यातला हा द्विमित गेम. २०१७च्या ‘हॉलो नाइट’चा पुढचा भाग. नायिका हॉर्नेट, हातात सुई आणि रेशीम, राज्याचं नाव फारलूम.

प्रश्न (सांगली): परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर गेमला नव्वदीच्या आसपास गुण आहेत. पण खेळणारे मित्र म्हणतात, गेम अवघड नाही, अन्यायी आहे. समीक्षकांना हे दिसलं नाही का?

उत्तर: दिसलं, आणि बहुतेकांनी लिहिलंही. गुण मात्र चित्रं, संगीत, नकाशाची रचना, हॉर्नेटची चपळाई या सगळ्यांचे मिळून दिले जातात. त्या बेरजेत त्रासाची वजाबाकी थोडीच होते. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि त्रास नेमका कुठून येतो ते पाहा. ते बरंचसं साध्या अंकगणितात आहे.

सुरुवातीला हॉर्नेटकडे पाच मुखवटे असतात, म्हणजे पाच जीव-गुण. पहिल्या ‘हॉलो नाइट’मध्ये बराच काळ एका फटक्याला एक मुखवटा जायचा. इथे बहुतेक बॉस (म्हणजे बडे, खास शत्रू) आणि बरेच साधे शत्रूही एका फटक्याला दोन नेतात. काही ठिकाणी तर बॉसच्या अंगाला नुसतं घासलं तरी दोन. म्हणजे पाचाचे तीन, तिनाचा एक, आणि तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. आता मुखवट्याचे चार तुकडे गोळा करून सहावा मुखवटा मिळवलात. सहाचे चार, चाराचे दोन, दोनाचे शून्य. पुन्हा तीनच फटके! आठ तुकडे जमून सात मुखवटे झाले की कुठे चौथा फटका झेलता येतो. कमाल मर्यादा दहा मुखवट्यांची, ती गाठली तरी पाचच फटके. ‘एवढी धडपड करून बक्षीस मिळालं, फरक मात्र काहीच पडला नाही’ ही तक्रार जिथे तिथे दिसते ती याच हिशेबातून आलेली आहे, आणि ती खोटी नाही.

दुसरी बाजूही पाहा. बरं होण्यासाठी रेशमाचे नऊ धागे लागतात, सुईच्या एका फटक्याला एक धागा मिळतो आणि एका ‘बाइंड’मध्ये (बरं होण्याच्या चालीत) तीन मुखवटे भरतात. पहिल्या भागात तीन फटक्यांच्या कमाईत एक मुखवटा भरायचा. दर तोच आहे! बदललं ते एवढंच की इथे किरकोळीत मिळत नाही, ठोक घ्यावं लागतं. त्याचे दोन परिणाम होतात. बाइंड चटकन उरकतो आणि हवेतही करता येतो, हा फायदा. पण बाइंड चालू असताना फटका बसला तर धागेही जातात आणि मुखवटेही भरत नाहीत. शिवाय तीन मुखवटे शिल्लक असताना बाइंड केलात तर पाचावर थांबता, एक वाया. एकच उरलेला असताना केलात तर पुरते तीन मिळून चार होतात. म्हणून एकावर येईपर्यंत धीर धरणं हिशेबात बसतं, पण तेवढी छाती पहिल्या दिवशी कुणाची होत नाही.

आमचं मत विचाराल तर दुहेरी मार हा अन्याय नाही. हॉर्नेट पहिल्या भागातल्या शिलेदारापेक्षा किती तरी वेगवान आहे, तेव्हा शत्रूही तितके तिखट हवेत, असं निर्मात्यांनीही सांगितलं आहे आणि खेळताना ते पटतं. अन्याय म्हणावा असं काही असेल तर ते मेल्यानंतर होतं. त्याबद्दल पणजीच्या प्रश्नात.

प्रश्न (पणजी, गोवा): लास्ट जजपाशी हात टेकले आहेत. लढाईपेक्षा तिथवर परत जाण्यातच वेळ जातो आणि जमवलेले मणीही (गेममधले पैसे) जातात. काही उपाय?

उत्तर: पहिल्या अंकाच्या शेवटी, पाच घंटा वाजवून झाल्यावर गडाच्या दारात उभा असलेला हा बॉस. समीक्षकांचं ज्या एका बाबतीत सर्वाधिक एकमत झालं ती बाब म्हणजे ब्लास्टेड स्टेप्स या भागातला हा परतीचा रस्ता. बाकापासून (मेल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो ती जागा) बॉसपर्यंत वारा, वाळू, कडे आणि उडते शत्रू. म्हणजे बॉसशी दोन मिनिटं लढायला वाट तेवढीच लांब. यातून शिकायला काही मिळत नाही, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तर मुळीच नाही.

तर आता कामाचं. परतीच्या वाटेवर कुणाशीही लढू नका, धावत सुटा. मणी सांडले असतील तर ते, तुम्ही जिथे मेलात तिथे उरलेल्या रेशमी कोशात असतात. कोश फोडला की मणी परत मिळतात आणि रेशीमही भरतं. तेव्हा कोश बॉसच्या दालनात असेल तर शिरल्या शिरल्या फोडू नका. रेशीम संपलं की फोडा, एक बाइंड फुकट पदरात पडतो. मात्र तोवर मेलात तर मणी कायमचे गेले. म्हणून निघण्यापूर्वी सुटे मणी माळेत ओवून घ्या. ८० मणी दिले की ६० मण्यांची माळ मिळते. पाव भाग भुर्दंड, पण माळ मेल्यावर सांडत नाही. हवी तेव्हा तोडा.

या बॉसच्या हातात साखळीला लटकवलेलं पेटतं धुपाटणं असतं, आणि मोठे फटके आगीचे. डीप डॉक्स या भागात लोहारकन्येकडून ‘मॅग्मा बेल’ करून घ्या. त्यासाठी मण्यांबरोबर क्राफ्टमेटल हा धातू लागतो. ती हत्यारांच्या निळ्या खाचेत बसवली की आगीचा मार कमी होतो. अंतर राखून फेकायची लाल हत्यारं इथे चांगली चालतात, पण ती बाकावर भरून घेताना शिंपल्यांचे तुकडे खर्च होतात. दहा वेळा हरलात की पिशवी रिकामी. म्हणून पहिल्या काही खेपा फक्त सुईने खेळा, चाली ओळखू लागल्या की मग हत्यारं काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बॉस मेला म्हणून जागीच आनंदाने उभे राहू नका. त्याचा स्फोट होतो. जिंकलेली लढाई तिथे हरलेले पुष्कळ आहेत. शेवटचा घाव बसला की लगेच लांब पळा.

एवढं करूनही जमेना, तर हा दरवाजाच सोडा. सिनर्स रोडवरून धुक्याच्या भागात गेलं की गडात शिरायची दुसरी वाट आहे. तिथेही एक बॉस आहे, फँटम, पण ती लढाई कित्येकांना सोपी जाते. पुष्कळ परीक्षणांत ‘एकाच भिंतीवर डोकं आपटावं लागतं’ असं लिहिलं होतं. घाईत लिहिणाऱ्यांना ही वाट सापडलीच नसावी, असा आमचा कयास.

प्रश्न (ठाणे): स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर सुरुवातीला याच गेमला चिनी भाषेत ‘बहुतांशी नकारात्मक’ आणि इंग्रजीत उत्तम शेरा होता. एकाच गेमचे असे दोन निकाल कसे?

उत्तर: चिनी खेळाडूंची मुख्य तक्रार गेमबद्दल नव्हतीच, भाषांतराबद्दल होती. सुलभ चिनीतले संवाद जुनाट, अलंकारिक आणि अवघडलेले झाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या भागाचं चिनी भाषांतर लोकांना आवडलं होतं, त्यामुळे राग जास्त. टीम चेरीने पहिल्याच दिवसांत चूक मान्य करून दुरुस्तीचं आश्वासन दिलं.

हा फरक इतका उघडा दिसला याचं कारण ऑगस्ट २०२५मध्ये स्टीमने पुरेशी मतं असलेल्या गेमांसाठी भाषावार शेरे वेगळे दाखवायला सुरुवात केली होती. तुम्हाला तपासायचं असेल तर गेमच्या पानावर परीक्षणांपर्यंत खाली जा, भाषेच्या चाळणीत सगळ्या भाषा निवडा, मग खेळलेल्या तासांची चाळणी लावून १० तासांपेक्षा जास्त खेळलेल्यांचीच मतं पाहा. दोन तासांत पैसे परत घेऊन गेलेल्याचा आणि चाळीस तास खेळलेल्याचा शेरा एकाच मापाने मोजला जातो. स्टीमवर गुण नसतात, फक्त अंगठा वर किंवा खाली. ७० टक्के वर असले की ‘बहुतांशी सकारात्मक’, ८०च्या पुढे ‘अतिशय सकारात्मक’. ‘गेम छान आहे, पण परतीचे रस्ते नकोसे’ असं म्हणणाऱ्यालाही एकच अंगठा उचलावा लागतो.

प्रश्न (नाशिक): मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेम हवाच म्हणतो. यात सोपी पातळी निवडता येते का? पुण्यातला त्याचा मावसभाऊ तर कंट्रोलर आपटतो.

उत्तर: ताई, सोपी पातळी नाही. सगळ्यांना एकच गेम. समीक्षकांत यावर बराच वाद झाला आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. पण तुमच्यापुरतं सांगायचं तर गेममध्ये किळसवाणं किंवा प्रौढांसाठीचं काही नाही. मारामारी आहे ती किड्यांची. प्रश्न चिडचिडीचाच. आधी पहिला भाग घेऊन द्या, तो सहसा स्वस्तात मिळतो आणि चढण हळूहळू वाढते. तो पूर्ण केला तर दुसऱ्याची परवानगी द्या. कॉम्प्युटरवर खेळणार असेल तर फटका एका मुखवट्यावर आणणारे मॉड, म्हणजे गेममधले फेरफार, खेळाडूंनी केले आहेत. प्लेस्टेशन, स्विच, एक्सबॉक्सवर तो मार्ग नाही. एकदा गेम पूर्ण झाला की ‘स्टील सोल’ नावाचा प्रकार उघडतो. त्यात एकदा मेलं की सगळी सेव्ह जाते. त्याच्या वाटेला घरातल्या कुणी जाऊ नये.

प्रश्न (बडोदा): पहिला भाग न खेळता थेट हा घेतला तर गोष्ट कळेल का?

उत्तर: कळेल. राज्य नवं, पात्रं बहुतेक नवी. हॉर्नेट कोण, एवढं गेम सांगतो. शेवटाकडचे काही संदर्भ निसटतील. हात बसवायचा असेल तर मात्र पहिला आधी.

प्रश्न (कोल्हापूर): खाली मारून उसळी घेण्याचा प्रकार जमतच नाही. हंटर्स मार्चमध्ये लाल फुलांवरून सारखा पडतो. हा गेमचा दोष की माझा?

उत्तर: दोघांचाही नाही, सवयीचा आहे. पहिल्या भागात खालचा वार सरळ खाली जायचा. इथे सुरुवातीच्या हंटर क्रेस्टमध्ये (क्रेस्ट म्हणजे लढण्याची शैली ठरवणारं चिन्ह) हॉर्नेट तिरकी, पुढे आणि खाली झेपावते. तुम्ही फुलाच्या बरोब्बर वर येऊन वार करत असाल, तर ती फुलाला ओलांडून पुढे जाणारच. वार फुलाच्या अलीकडे, उंचावर असताना करा, तोंड फुलाकडे ठेवून. उसळी बसली की दिशेची कळ क्षणभर सोडा, नाहीतर पुढच्या फुलावरून वाहून जाल.

तरीही नको असेल तर क्रेस्ट बदला. बोन बॉटम या सुरुवातीच्या वस्तीच्या शेजारच्या भागात वाँडरर क्रेस्ट आहे: वार सरळ खाली, आखूड आणि जलद, जुन्या भागासारखा. ग्रेमूर या भागात रीपर क्रेस्ट: वार रुंद आणि संथ. क्रेस्ट आणि हत्यारं बाकावर बसूनच बदलता येतात. आणि हंटर्स मार्चमधल्या बाकावर धावत जाऊन बसू नका, तो सापळा आहे. आधी त्याच खोलीतली लपलेली कळ शोधून मारा. पहिल्या आठवड्यात या एका बाकावर जेवढी आगपाखड झाली तेवढी एखाद्या बॉसवरही झाली नसेल. आम्हाला तो विनोद आवडला. बाकावर बसायलाही मणी मागणारी ठिकाणं मात्र नाही आवडली.

प्रश्न (न्यू जर्सी): परीक्षणं गेम आल्यानंतर आठवडाभराने का आली? आणि पहिल्या आठवड्यातली आता जुनी धरायची का?

उत्तर: टीम चेरीने समीक्षकांना आगाऊ प्रत दिलीच नाही. समीक्षकांनी सामान्य खेळाडूंच्या आणि पहिल्या भागासाठी २०१४मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे देणाऱ्यांच्या आधी खेळावं, हे त्यांना पटलं नाही. त्यामुळे सगळे एकाच दिवशी सुरू झाले. आणि सुरू तरी कसे, स्टीमसकट बऱ्याच ऑनलाइन दुकानांवर त्या दिवशी गर्दीने खरेदीच अडकली होती. गेम तीन अंकांचा, तिसरा अंक तर काही अटी पुऱ्या केल्याशिवाय उघडतही नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातलं बरंच लिखाण पहिल्या अंकाबद्दल आहे, आणि सगळ्यात खडतर भाग तोच आहे: मुखवटे कमी, मणी कमी, बाकं लांब. ज्या परीक्षणात गडाच्या आतल्या भागांचा उल्लेख नाही, ते अर्धवट समजून वाचा.

सप्टेंबरच्या मध्याला पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, आला. त्यात मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस थोडे मवाळ केले, वाळूतून झेपावणाऱ्या सँडकार्व्हरचा मार कमी केला, मधल्या टप्प्यातल्या बेलवे (झटपट प्रवासाची स्थानकं) आणि घंटा-बाकांचे दर उतरवले, पुरातन वस्तू विकून मिळणारे मणी वाढवले. त्या दोन बॉसबद्दल आणि मण्यांच्या टंचाईबद्दलची पहिल्या आठवड्यातली तक्रार आज तेवढी लागू नाही. दुहेरी मार आणि लास्ट जजचा रस्ता यांना हात लावलेला नाही. तेव्हा परीक्षण वाचताना तारीख पाहा, आणि खेळायच्या आधी गेम अपडेट झालाय ना तेही पाहून घ्या. डिसेंबर २०२५मध्ये ‘सी ऑफ सॉरो’ हा जोडभागही जाहीर झाला. गेम विकत घेतलेल्यांना तो फुकट, असं तेव्हा सांगितलं गेलं.