शाळेत गणितच नाही, मग अकरावीला काय घ्यावं?

प्रश्न : मुलगी इथल्या शासकीय शाळेतून दहावी पास झाली. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. पण अर्ज कमी आले म्हणून शाळेनं यंदा अकरावीचं गणित बंद केलं आणि आयटीचा व्यावसायिक विषय सुरू केला. प्राचार्य म्हणतात, बायो घ्या, सोबत आयटी आहेच. शाळा घराजवळ आहे, मुलीची जात आहे, म्हणून आम्हालाही तेच बरं वाटतंय.
– एक आई, परदेशीपुरा, इंदूर

ताई, नमस्कार.

बायो घेऊ देऊ नका. शाळा लांबची चालेल, गणित सुटता कामा नये.

एसजीएसआयटीएस असो की आपल्या विद्यापीठाचं आयईटी, इंदूरच्या या इंजिनिअरिंग कॉलेजांत बी.टेक.चा प्रवेश मुख्यतः जेईई मेन या प्रवेश परीक्षेवर होतो, आणि त्यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतातच. तिसऱ्या विषयात मात्र सवलत आहे : केमिस्ट्री, बायो, बायोटेक्नॉलॉजी किंवा तांत्रिक व्यावसायिक विषय. म्हणजे आयटी गणिताच्या सोबतीला चालेल, त्याच्या जागी नाही. विषयाच्या नावात आयटी दिसलं की पुढे इंजिनिअरिंगला जाता येईल असं घरच्यांना वाटतं, आणि हा गैरसमज बारावी झाल्यावर उघडा पडतो. तेव्हा पोरीची दोन वर्षं गेलेली असतात. याचं मला फार वाईट वाटतं.

गणित घेतलं तर बीसीए, बी.कॉम., कला यांतलं काही बंद होत नाही. उद्या तिचं मन डॉक्टरकीकडे वळलं तरी, बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो केलेल्यांना ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येते. 2023 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं तशी परवानगी दिली.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये पुस्तकी आणि व्यावसायिक शिक्षणातली भिंत काढायला सांगितलंय. मला ते मनापासून पटतं. पण एक विषय आणायचा म्हणून दुसरा काढा, असं त्यात नाही.

आता घरात कुणीतरी म्हणेल, खासगी सीबीएसई शाळेत घाला. थांबा. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत इंजिनिअरिंगची फी सरकार भरतं. त्यासाठी एमपी बोर्डाच्या मुलांना बारावीत 70 टक्के लागतात, सीबीएसईच्या मुलांना 85. उत्पन्नाची अट आहे, जेईईत दीड लाखाच्या आतला रँकही लागतो. तुमच्यासारख्या घराला ही फी मोठी गोष्ट आहे. शाळा बदला, बोर्ड नको.

रोजच्या येण्याजाण्याची काळजी वाटणं अगदी साहजिक आहे. वर्गातल्या आणखी कुणाला गणित हवं होतं, ते विचारा; दोघी-तिघी एकाच शाळेत गेल्या तर सिटी बसची सोबत होते. ते जमलंच नाही तर पॉलिटेक्निक बघा : दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. गणित तिथेही आहेच.

नव्या शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय टीसी काढू नका. आणि ज्या पालकांना गणित हवं होतं, त्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्या, एक प्रत जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना. तुमच्या मुलीला यंदा त्याचा उपयोग होईलच असं नाही, पण आता नववीत असलेल्या मुलींना होऊ शकतो.